अक्षर एक्सप्रेस : वाचता येत असेल तर चढा!

जामखेडला रेल्वे स्टेशन नाही. रूळ नाहीत, प्लॅटफॉर्म नाही, 'यात्रीगण कृपया ध्यान दें' नाही. एसटी स्टँडवर जायचं, पाटी वाचायची, खिडकीतून रुमाल टाकून सीट धरायची, विषय संपला!

पण थांबा. रेल्वेच्या इंजिनांवर आणि डब्यांवर आजवर जी अक्षरं रंगली, पितळेत ओतली गेली, क्रोममध्ये चकाकली, त्या दुनियेत जामखेड तालुक्याचा वशिला फार वरचा आहे. माहीत आहे का कसा?

धागा पकडा. जामखेड तालुक्यात चौंडी. चौंडी म्हणजे अहिल्यादेवी होळकरांचं जन्मगाव. होळकर म्हणजे इंदूर. आणि 'इंदूर' हे नाव अंगावर मिरवत धडधडणारं एक वाफेचं इंजिन होतं. कुठे, माळव्यात? छे! इंग्लंडात!

झालं असं की, लंडन मिडलँड अँड स्कॉटिश रेल्वे, म्हणजे एलएमएस, या ब्रिटिश कंपनीने १९३४ ते १९३६ या काळात एकाच जातकुळीची १९१ इंजिनं बांधून घेतली. 'ज्युबिली' क्लास! आता १९१ इंजिनं म्हटल्यावर १९१ नावं हवीत. साहेबाने काय केलं? साम्राज्याचा नकाशा उघडला आणि बोट ठेवत सुटला. देश, प्रांत, संस्थानं, आरमारी सरदार, युद्धनौका... जे सापडेल ते इंजिनावर!

आणि या यादीत कोण कोण सापडतं बघा. ५५८७ बडोदा. ५५८९ ग्वाल्हेर. ५५९२ इंदूर. ५५९३ कोल्हापूर. गायकवाड, शिंदे, होळकर, भोसले. सगळी मराठा मंडळी हजर! मराठ्यांचे झेंडे अटकेपार गेले हे शाळेत शिकलो. पाट्या टेम्सपार गेल्या हे कुणी सांगितलंच नाही.

ही पाटी बसायची कुठे, माहीत आहे का? मधल्या मोठ्या चाकावरच्या आच्छादनाच्या माथ्यावर, कमानीसारखी वाकवून. अक्षरं उठावाची, त्यामुळे धुरात, धुक्यात, पावसात कशातही झळकणारी. ब्रिटिश मंडळींना या वाकड्या पाटीचं भलतंच वेड. इंजिन भंगारात गेलं तरी पाटी जपून ठेवायची.

आता खरा धमाका. १९१ पैकी आज शिल्लक किती? फक्त ४! बहामाज, लिअँडर, गॅलेटिया आणि चौथं... हलगी वाजवा... कोल्हापूर! ज्युबिली क्लासमधल्या एवढ्या सगळ्या भारतीय नावांपैकी टिकलं एकटं कोल्हापूर. बंगाल गेलं, पंजाब गेलं, मद्रास गेलं, इंदूरही गेलं. कोल्हापूर मात्र बर्मिंगहॅममधल्या टाइझलीला अजून उभं. नाद करायचा नाही, तो याचसाठी!

आणखी एक. १९४८ मध्ये ब्रिटनमधल्या रेल्वे सरकारी झाल्या आणि एलएमएसच्या बहुतेक इंजिनांच्या नंबरांत ४०,००० मिळवले गेले. म्हणून आजचं कोल्हापूर ४५५९३. पुढे '४' चिकटवला, काम फत्ते. सरकारी खात्यात एवढं सोपं गणित क्वचितच होतं.

त्याच यादीत ५५७६ 'बॉम्बे' होतं आणि ५५८५ 'हैदराबाद'ही. म्हणजे गंमत बघा: तेव्हाचं जामखेड मुंबई इलाख्यात, शेजारचं आष्टी निजामाच्या राज्यात. दोन्ही बाजूंचं एकेक इंजिन विलायतेत पळत होतं, आणि इथे दोन्ही गावांत बैलगाडी!

या जमातीचा हिरो मात्र ५५५२. राजे पाचवे जॉर्ज यांच्या कारकिर्दीला १९३५ मध्ये २५ वर्षं झाली, म्हणून इंजिनाला नाव दिलं 'सिल्व्हर ज्युबिली'. अंग काळं कुळकुळीत आणि त्यावर उठावाचे आकडे, तेही क्रोमचा मुलामा दिलेले. पण एक झोल आहे! जे चकचकीत इंजिन जगाला ५५५२ म्हणून दाखवलं, ते मुळात ५६४२ होतं. दोघांनी नंबरांची अदलाबदल केली आणि पुढे जन्मभर तेच नंबर मिरवले. डबल रोल, हिंदी सिनेमाच्याही वरताण.

सावकार इंदूरचे, कर्जदार इंग्रज!

होळकरांचा विषय निघालाच आहे तर हेही घ्या. खांडवा ते इंदूर रेल्वे व्हावी म्हणून महाराजा तुकोजीराव होळकर दुसरे यांनी ब्रिटिश सरकारला कर्ज दिलं. किती? १ कोटी रुपये! व्याज साडेचार टक्के. मुदत? १०१ वर्षं! रेल्वेचं नाव अर्थातच 'होळकर स्टेट रेल्वे'. पैसा ज्याचा, अक्षरं त्याची. हा नियम पुढे सगळीकडे लागू होतो, ध्यानात ठेवा.

ग्वाल्हेरच्या शिंद्यांचं तर विचारूच नका. त्यांनी गाडी जेवणाच्या टेबलावर आणली! जयविलास राजवाड्यात चांदीची छोटी रेल्वे पाहुण्यांपुढून मद्य आणि सिगार घेऊन फिरायची. पाहुण्याने भांडं उचललं की गाडी थांबायची, खाली ठेवलं की पुन्हा सुरू. आणि डब्यांवर काय लिहिलेलं, माहीत आहे का? प्रत्येक डब्यावर एकच रोमन अक्षर. एस, सी, आय, एन, डी, आय, ए. सात डबे मिळून 'सिंदिया'! जगात कुणाच्या आडनावाची लांबी डब्यांत मोजली गेली असेल, तर ती शिंद्यांच्याच आडनावाची. नशीब, आडनाव सहस्रबुद्धे नव्हतं. टेबल पुरलं नसतं.

बडोद्याचा रेकॉर्ड वेगळाच. गायकवाडांच्या डभोई-मियागाम मार्गावर १८६२ मध्ये अरुंद गाडी सुरू झाली, आणि ओढायला होते बैल! कंपनीची आद्याक्षरं झोकात 'जीबीएसआर', म्हणजे गायकवाड्स बरोडा स्टेट रेल्वे, आणि सुरुवातीचं इंजिन 'हैऽऽक' म्हटल्यावर चालणारं.

तीन नावं, एकच अक्षर

१६ एप्रिल १८५३. बोरीबंदर ते ठाणे. १४ डबे, ४०० पाहुणे, २१ तोफांची सलामी. एवढं पाठ आहे सगळ्यांचं. पण गाडी ओढणाऱ्या ३ इंजिनांची नावं? साहिब, सिंध, सुलतान. तिन्ही 'स'पासून! अनुप्रास अलंकाराचं उदाहरण द्यायचं तर यापेक्षा दणदणीत कुठलं?

त्याच्याही आधी मुंबईत एक इंजिन येऊन शिट्ट्या मारून गेलं होतं. १८५२ मध्ये ठेकेदाराच्या कामासाठी आणलेलं ते इंजिन. त्याचं नाव 'फॉकलंड', कारण मुंबईचे तेव्हाचे गव्हर्नर लॉर्ड फॉकलंड. साहेबाला खूश ठेवायचं तंत्र जुनंच आहे. तेव्हा फ्लेक्स नव्हते, इंजिनं होती.

बोरीबंदरची ती पहिली गाडी ग्रेट इंडियन पेनिनसुला रेल्वेची. जी.आय.पी.आर.! नावातच 'ग्रेट'. तिकडे शेजारी बॉम्बे बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वे, म्हणजे बी.बी.सी.आय. लंडनची बीबीसी १९२२ ची. आपली बीबीसीआय १८५५ ची. म्हणजे बीबीसीच्या ६७ वर्षं आधीच आपली बीबीसी निघाली होती, शिट्टीवाली.

आणि 'मराठा' शब्द चक्क रेल्वे कंपनीच्या नावात होता, हे माहीत आहे का? सदर्न मराठा रेल्वे, स्थापना १८८२. पुणे-मिरज-बेळगाव-लोंढा पट्ट्यातल्या जुन्या छोट्या गाड्या तिच्याच. १९०८ मध्ये मद्रास रेल्वेशी लग्न लागलं आणि नाव झालं मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वे. डब्यावर एवढं कोण लिहिणार? म्हणून थोडक्यात एम. अँड एस.एम.! लग्नानंतर आडनाव जोडायची फॅशन रेल्वेने फार आधी आणली.

आता जामखेडकरांनी कॉलर ताठ करावी असा प्रसंग. तालुक्यातलं खर्डा! मार्च १७९५ मध्ये मराठ्यांनी निजामाला इथेच धूळ चारली. पुढे निजामाने स्वतःची रेल्वे काढली. तिची अक्षरं एन.जी.एस.आर., निजाम्स गॅरंटीड स्टेट रेल्वे. नावातच गॅरंटी! ही रेल्वे कुठवर टिकली? ५ नोव्हेंबर १९५१. त्या दिवशी जीआयपी, निजाम स्टेट, सिंदिया स्टेट आणि धोलपूर अशा चार रेल्वे मिळून एक 'मध्य रेल्वे' झाली. खर्ड्याची लढाई दुसऱ्यांदा जिंकली, या खेपेला रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन.

त्याच दिवशी पश्चिम रेल्वेही जन्मली. बीबीसीआय पुसा, 'प.रे.' लिहा. जीआयपी पुसा, 'म.रे.' लिहा. वर्कशॉपमधल्या पेंटर मंडळींची त्या काळात काय चंगळ असेल!

बार्शीचा इंजिनियर आणि आकाशातली छत्री

जामखेडहून खर्ड्याच्या रस्त्याने पुढे सरका, बार्शी फार लांब नाही. आणि बार्शी म्हणजे बार्शी लाइट रेल्वे! बी.एल.आर.! कुर्डुवाडी-बार्शी गाडी १८९७ मध्ये सुरू झाली. रुळांमधलं अंतर फक्त २ फूट ६ इंच. पुढे फाटे फुटत फुटत ती पंढरपूर, लातूर, मिरज असं सगळीकडे पोचली. वारकऱ्यांनी कोंबून भरलेली ही गाडी आजोबांच्या पिढीला अजून आठवते.

तिचा कर्ताकरविता एव्हरार्ड कॅलथ्रॉप. याचं डोकं अफाट. त्याने हट्ट धरला: इंजिन असो, डबा असो की मालाची वाघीण, प्रत्येक आसावर जास्तीत जास्त ५ टन भार, त्यावर एक छटाक नाही. मग रूळ हलके चालतात, पूल स्वस्तात होतात आणि दुष्काळी मुलखातही रेल्वे परवडते. किटसन कंपनीने त्यासाठी खास इंजिनं घडवली.

अक्षरांचा संबंध? हा घ्या! बार्शीचा प्रयोग इतका गाजला की इंग्लंडात स्टॅफर्डशरमध्ये, लीक अँड मॅनिफोल्ड नावाच्या चिमुकल्या रेल्वेने कॅलथ्रॉपलाच बोलावलं. १९०४ मध्ये ती सुरू झाली. तिची इंजिनं होती दोनच, आणि पहिल्या नंबरच्या इंजिनावर पाटी काय? 'ई. आर. कॅलथ्रॉप'! इंजिनियर जिवंत असताना त्याच्या नावाचं इंजिन त्याच्याच रुळांवर. आपल्याकडे एवढं भाग्य फक्त नगरसेवकाला, तेही बाकड्यावर.

आणि याच कॅलथ्रॉपने पुढे काय बनवलं, माहीत आहे का? पॅराशूट! पहिल्या महायुद्धाच्या काळात गाजलेलं 'गार्डियन एंजल' पॅराशूट त्याचंच. बार्शीत माणसं बसवली, तिकडे माणसं उतरवली.

१ जानेवारी १९५४ ला सरकारने बार्शी लाइट विकत घेतली. बी.एल.आर. ही तीन अक्षरंही गेली. म.रे. सर्वांवर भारी!

एक्स फॅक्टर

आता स्पीड वाढवतो, दांडा धरून उभे राहा.

रेल्वेत सगळ्यात बिझी अक्षर कोणतं? एक्स! १९२० च्या दशकात भारतातल्या रुंद मार्गावरच्या नव्या इंजिनांना नावं पडली एक्सए, एक्सबी, एक्ससी... इथे एक्स म्हणजे रुंद रूळ, वाय म्हणजे मीटर, झेड म्हणजे अरुंद.

मालगाडीवर 'बॉक्सएन' लिहिलेलं दिसतं, त्यातलाही एक्स वेगळा. बी म्हणजे बोगी, ओ म्हणजे उघडी, एक्स म्हणजे उंच भिंतींची, एन म्हणजे हवेच्या दाबाचा ब्रेक. कोळसा घेऊन जाते ती हीच.

अमेरिकेत मालडब्यावरच्या आद्याक्षरांत शेवटी एक्स दिसला, तर डबा रेल्वे कंपनीचा नाही, दुसऱ्या कुणा खासगी मालकाचा. आणि आपल्याकडे शेवटच्या डब्याच्या पाठीवर भला मोठा पिवळा एक्स असतो तो? मागे आणखी काही राहिलं नाही, गाडी पूर्ण आली, हे स्टेशनवरच्या माणसाला कळावं म्हणून. सोबत 'एलव्ही' ही पाटी, म्हणजे लास्ट व्हेइकल. एकच अक्षर, चार ड्युट्या. ओव्हरटाइम मिळतो की नाही, विचारायला हवं.

पुढे एक्स जाऊन डब्ल्यू आला. डब्ल्यू म्हणजे वाइड. डब्ल्यूपी म्हणजे रुंद मार्गावरचं पॅसेंजर इंजिन. अमेरिकेच्या बाल्डविन कंपनीने १९४७ मध्ये पाठवलेल्या या सुंदरींचं नाक बंदुकीच्या गोळीसारखं निमुळतं, आणि नाकावर तारा! हिरॉइनच्या नाकात चमकी असते तशी. जुन्या सिनेमात शिट्टी फुंकत येणारी गाडी आठवा, बहुतेक वेळा हीच.

डिझेलवाल्यांची गंमत त्याहून भारी. 'डब्ल्यूडीएम-३ए' हे वाचता येतं का तुम्हाला? डब्ल्यू रुंद, डी डिझेल, एम मिक्स्ड, म्हणजे सवारी आणि माल दोन्ही. ३ म्हणजे ३,००० हॉर्सपॉवर आणि ए म्हणजे वर आणखी १००. एकूण ३,१००. म्हणजे इंजिनाची ताकद त्याच्या गालावरच लिहिलेली. जिममध्ये जाणाऱ्यांनीही हे सुरू करायला हरकत नाही.

गव्हर्नर उतरले, लोकमान्य चढले

हा भाग माझा सगळ्यात आवडता, म्हणून जरा रेंगाळतो.

जीआयपी रेल्वेने घाटासाठी विजेची इंजिनं आणली, १९२८ च्या सुमाराला. लांबलचक नाकाडं, मध्ये सांधे, वळणावर अंग मोडत जाणारी. म्हणून टोपणनाव 'क्रोकोडाइल'. त्यातल्या एकाला नाव दिलं 'सर लेस्ली विल्सन'. कोण हे? मुंबईचे गव्हर्नर! पॅसेंजर ओढणाऱ्या विजेच्या इंजिनांपैकी एकावर 'सर रॉजर लमली'. हे कोण? तेही मुंबईचे गव्हर्नर! मगरीला गव्हर्नरचं नाव देताना कुणाच्या डोक्यात काय होतं कोण जाणे, पण दोन्ही इंजिनं आज दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात सुखाने निवृत्त आहेत.

मग देश स्वतंत्र झाला. पश्चिम बंगालमध्ये चित्तरंजनला कारखाना निघाला. १ नोव्हेंबर १९५० ला तिथलं पहिलं वाफेचं इंजिन बाहेर पडलं. नंबर ८४०१, नाव 'देशबंधू'. कारखान्याला नाव चित्तरंजन दासांचं, इंजिनाला पदवीही त्यांचीच. बंगाली कारखाना, बंगाली नाव. ठीकच आहे.

पण १९६१ मध्ये याच कारखान्याने पहिलं विजेचं इंजिन बनवलं तेव्हा? १४ ऑक्टोबरला पंडित नेहरूंच्या हस्ते समारंभ झाला, आणि इंजिनाचं नाव? 'लोकमान्य'!

विचार करा. ज्या टिळकांना इंग्रजांनी मंडालेला धाडलं, त्यांच्या नावाचं इंजिन मुंबई-पुणे घाटात जोडलं गेलं. त्याच घाटात, जिथे गव्हर्नरसाहेबांच्या नावाची मगर धापा टाकत होती. आणि लोकमान्य घाट चढले ते १,५०० व्होल्टवर. सिंहगर्जनेचं व्होल्टेज वेगळं, ते धरलेलं नाही!

अक्षरं अशी सत्ता बदलतात आणि कुणाला धक्काही लागत नाही. वायरला हात लावलात तर मात्र लागेल.

वाफेची शेवटची मंडळीही नावाने चुकत नव्हती. १९७० मध्ये चित्तरंजनने रुंद मार्गाचं शेवटचं वाफेचं इंजिन बनवलं, नंबर १०५६०. नाव? 'अंतिम सितारा'. गझलेच्या मक्त्यात शोभावं असं! आणि याच्या बरोबर उलटी तऱ्हा 'फेअरी क्वीन'ची. इंजिन १८५५ चं. पण नाव मिळालं १८९५ मध्ये. तोवर नुसता नंबर २२. चाळिशीत बारसं! पुढे १९९८ मध्ये जगातलं सर्वांत जुनं चालू वाफेचं इंजिन म्हणून गिनेस बुकात गेली बाई.

राणी, निळा झगा, सोनेरी किनार

१ जून १९३०. मुंबई ते पुणे. दख्खनची राणी, डेक्कन क्वीन! पहिल्या दिवसापासून राणीकडे दोन पोशाख होते, माहीत आहे का? ७ डब्यांचे दोन संच. एक चंदेरी, त्यावर लालभडक पट्ट्या. दुसरा गडद निळा, त्यावर सोनेरी रेघा. पैठणीचा काठ म्हणा हवं तर. डब्यांचे सांगाडे इंग्लंडहून आले आणि वरची अंगं घडली आपल्या माटुंगा वर्कशॉपमध्ये.

तेव्हा तिच्यात फक्त फर्स्ट आणि सेकंड क्लास. थर्ड क्लासवाल्याने लांबूनच दर्शन घ्यायचं. २२ जून २०२२ पासून राणी नव्या एलएचबी डब्यांत धावते. हे एलएचबी म्हणजे कोण? लिंके, हॉफमन, बुश. तीन जर्मन आडनावं! आपण रोज 'एलएचबी कोच'मध्ये बसतो आणि बिचाऱ्या बुशला ओळखतही नाही.

अक्षरांचं वेड जगात कुठे कुठे पोचलंय त्याचा एक नमुना. ब्रिटनच्या एलएनईआर रेल्वेने १९२९ मध्ये एकच टाइप सगळीकडे वापरायचं ठरवलं. वेळापत्रकं, पोस्टरं, सगळं गिल सान्समध्ये. अक्षरकार एरिक गिल. त्याने 'फ्लाइंग स्कॉट्समन' गाडीच्या इंजिनावरची पाटी स्वतः रंगवली, आणि त्याला इंजिनात ड्रायव्हरशेजारी उभं राहून फिरायला मिळालं. आमच्याकडच्या पेंटरला चहा मिळतो, तोही कटिंग.

अमेरिकेत डिझेल इंजिनाच्या कडेला एक छोटासा 'एफ' रंगवलेला असतो. कशासाठी? ही बाजू फ्रंट आहे हे कळावं म्हणून! दोन्ही तोंडं सारखी दिसली तर भांडण नको. नियमच आहे तसा.

डब्याची कुंडली

पुढच्या वेळी नगर स्टेशनवर (आता अहिल्यानगर म्हणायचं) महाराष्ट्र एक्सप्रेसची वाट बघत उभे असाल, तर मोबाइल खिशात घाला आणि डबे वाचा.

जुन्या निळ्या डब्यांवर ५ आकडे असायचे. पहिले दोन जन्मसाल, शेवटचे तीन जात. समजा ९८२०४. म्हणजे जन्म १९९८ चा, आणि २०१ ते ४०० मधला नंबर म्हणजे स्लीपर. ४०१ ते ६०० दिसला की जनरल. बॅग डोक्यावर घ्या आणि पळा! ७०१ ते ८०० म्हणजे गार्ड आणि सामानाची जागा असलेला डबा. ५१ ते १०० म्हणजे एसी टू टायर. आत डोकावून हवा खा आणि पुढे व्हा.

अक्षरांचीही तीच कथा. 'डब्ल्यूजीएससीएन' हा शब्द नाही, शिंक आहे असं वाटेल. पण डब्ल्यू म्हणजे एका डब्यातून दुसऱ्यात आतून जाता येतं. जी म्हणजे डबा चालता चालता स्वतःची वीज स्वतः तयार करतो. एस म्हणजे सेकंड क्लास. सीएन म्हणजे थ्री टायर, मधल्या बर्थवाल्याची मान मोडणारा.

डब्याच्या टोकाच्या भिंतीवर बारीक अक्षरांत 'पीओएच' आणि तारीख दिसेल. संपूर्ण तपासणी-दुरुस्ती कधी, कुठल्या वर्कशॉपमध्ये झाली आणि पुन्हा कधी यायचं, सगळं लिहिलेलं. डॉक्टरांनी आपल्याला दिलेली पुढची तारीख आपण हरवतो. डबा अंगावर गोंदवून फिरतो.

मुंबईच्या लोकलमध्ये तर अक्षरं आणखी खट्याळ. मध्य रेल्वेच्या इंडिकेटरवर 'टी' म्हणजे ठाणे, 'के' म्हणजे कल्याण. सोपं! पण कर्जत म्हणजे 'एस' आणि कसारा म्हणजे 'एन'. का? कल्याणहून एक फाटा आग्नेयेला जातो, दुसरा ईशान्येला. साउथचा एस, नॉर्थचा एन. त्यात एस म्हणजे स्लोही! गावाकडून पहिल्यांदा आलेला पाहुणा 'एस' बघून डुलत डुलत कर्जतला पोचला तर त्याला हसू नका.

आणि तो कंदील धरलेला हत्ती आठवतो? भोलू गार्ड! रेल्वेला १५० वर्षं होत होती म्हणून १६ एप्रिल २००२ ला बंगळुरूत अवतरला. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने घडवलेला. वर्षभराचा पाहुणा म्हणून आला आणि रेल्वेने त्याला कायम करून घेतलं. कंत्राटी कामगारांनो, आशा सोडू नका.

जामखेडकरांसाठी ताजी खबर: रूळ नाहीत म्हणून अडून बसायला नको. शेजारी न्यू आष्टीपर्यंत नगरहून गाडी २३ सप्टेंबर २०२२ ला आली आणि १७ सप्टेंबर २०२५ ला थेट बीडला पोचली. त्यातल्या डेमू गाडीवर 'डीपीसी' वाचलंत तर घाबरू नका, ते सरकारी समितीचं नाव नाही. ड्रायव्हिंग पॉवर कार, म्हणजे ड्रायव्हर आणि इंजिन असलेला डबा. 'टीसी' लिहिलेला डबा दिसला तर तिकीट काढलं नसेल तरी पळू नका. तो ट्रेलर कार, नुसता मागे ओढला जाणारा.

आता शेवटचा खेळ. मालगाडीच्या वाघिणीवर ११ आकडे असतात. पहिले २ तिचा प्रकार, पुढचे २ मालक रेल्वे (०१ म्हणजे आपली मध्य), पुढचे २ साल, मग ४ आकडे अनुक्रमांक. मग अकरावा कशाला? तो चोर पकडणारा पोलीस! कुणी एखादा आकडा चुकीचा टिपला तर तो लगेच ओरडतो.

हिशेब असा: पहिल्या दहा आकड्यांतले सम जागांवरचे, म्हणजे दुसरा, चौथा, सहावा, आठवा, दहावा, असे आकडे मिळवा आणि तिप्पट करा. त्यात विषम जागांवरचे आकडे मिळवा. आलेली बेरीज पुढच्या दहाच्या पटीला पोचायला जेवढे कमी पडतात, तो अकरावा आकडा. समजा १००१०९१२३४. सम जागांची बेरीज १६, तिप्पट ४८. विषम जागांची ५. एकूण ५३. साठला कमी किती? ७. संपला विषय.

आता तुमची पाळी. ३००८१४५६७२, अकरावा आकडा कोणता? फाटक बंद आहे, मालगाडी लांब आहे, गाडी न्यूट्रलला टाका आणि बोटं मोजा.

४ आला? शाब्बास, पुढच्या वाघिणीचा नंबर टिपा. नाही आला? सम-विषम जागा उलट्या धरल्या असणार. आणि मागचा हॉर्न वाजवतोय, फाटक उघडलंय!